परसातले बी पिणारे ढेकूण

दिवाळी उरकते, शिवारात कपाशीची वेचणी जोरात असते आणि माझ्या फोनवर लाल किड्यांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या जास्वंदीवर, कुणाच्या भेंडीवर, कुणाच्या तुळशीवृंदावनाच्या कडेला. चोपडा, पारोळा, पार शहाद्याहूनसुद्धा येतात. मी अमळनेरला परसात भाजीपाला करते, गावठी बियाणं राखते आणि मागेल त्याला देते, त्यामुळे किड्यांची चौकशीही माझ्याकडेच येते. परवा शेजारची सून तर भेंडीची अख्खी शेंगच घेऊन आली. "मावशी, ह्या लाल किडा काय शेतस?" आणि लगेच पुढचा प्रश्न, फवारू का?

फवारायचं की नाही हे नंतर. मी आधी एवढंच विचारते की किडा कोणत्या झाडावर होता आणि झाडाच्या कोणत्या भागावर. रंग मी शेवटी विचारते. लाल-काळा रंग या मंडळींत इतक्या जणांनी घेतलाय की नुसत्या रंगावरून नाव सांगणं म्हणजे भगव्या फेट्यावरून वरातीत नवरदेव शोधणं. उलट बियांवर जगणारे हे झाडांवरचे ढेकूण (अंथरुणातले नव्हेत) झाडांची कुळं फार कसोशीने पाळतात. भेंडी, कपाशी, अंबाडी, जास्वंद, काटेसावर, पारोसा पिंपळ ही सगळी एका नात्यातली, आणि त्यांचे पाहुणेही सामाईक. रुईचे पाहुणे वेगळे, वालाचे वेगळे, मोगली एरंडाचे तर आणखीनच वेगळे. झाड कळलं की निम्मं उत्तर हातात आलं.

तरी आधी तो ढेकूणच आहे ना, हे बघून घ्यावं. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन टणक झाकणं असतात आणि ती मधोमध सरळ रेषेत मिळतात. ढेकणाचे पुढचे पंख अर्धे जाड, अर्धे पातळ असतात आणि मागच्या बाजूला एकावर एक चढतात, त्यामुळे पाठीवर फुलीसारखी खूण दिसते. मानेमागे दोन्ही पंखांच्या मध्ये एक त्रिकोण असतो. सगळ्यात पक्की खूण मात्र पोटाखाली आहे. काचेच्या वाटीत किडा घ्या, वरून बशी ठेवा आणि वाटी डोक्यावर धरून खालून बघा. डोक्यापासून निघून पायांच्या मधून मागे गेलेली बारीक सोंड दिसली की तो ढेकूण. भुंगेऱ्याला जबडे असतात, तो कुरतडतो. ढेकूण कुरतडत नाही, टोचतो आणि पितो. म्हणून पानाला भोकं पडली असतील तर यांना दोष देऊ नका, ते काम दुसऱ्याचं.

आता भेंडीवरचा तो लाल. आपल्याकडे सगळे त्याला कपाशीवरचा लाल ढेकूण म्हणतात, शास्त्रात डिस्डर्कस. लांबीला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर. दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका, पंखांची टोकं काळी, मानेवर पांढरी पट्टी. वाटी खालून बघितलीत तर लाल पोटावर आडवे पांढरे पट्टे, एकाखाली एक, आखून काढल्यासारखे नीट. दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर डोकं बघा. मोठे दोन डोळे दिसतील, पण त्यांच्या मध्ये, कपाळावर, साधे डोळे म्हणतात ते दोन बारीक चमकदार ठिपके दिसणार नाहीत. याच्या कुळात ते नसतातच. ही खूण लक्षात ठेवा, रुईपाशी कामाला येणार आहे.

हा पितो कसा, हे एकदा तरी जवळून बघावं. शेंग पिकून शिरांवर तडकली की आतल्या गोल बिया दिसायला लागतात. ढेकूण बीवर चढतो, सोंड पोटाखालून काढून उभी करतो आणि मग ती सोंड मध्येच कोपरासारखी वाकते. वाकते ते वरचं म्यान. बीमध्ये जातात त्या आतल्या केसाहून बारीक सुया. त्या सुयांमध्ये दोन वाटा असतात. एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून पातळ झालेला गर वर येतो. सुकी, टणक बी त्याला म्हणूनच चालते, कारण ती पातळ करायचं पाणी तो स्वतःच घालतो. आणि म्हणूनच त्याला तहान फार. सकाळी दवावर, ठिबकच्या गळणाऱ्या नळीवर, मातीच्या ओल्या कडेला हे जमलेले दिसतात ते पाणी प्यायला. एखादं पिल्लू सुटी बी सोंडेला टोचून तशीच ओढत घेऊन जाताना दिसतं, बाकीची मागे लागलेली असतात.

प्यायलेली बी बाहेरून चांगलीच दिसते. कळतं ते ब्लेडने उभी कापल्यावर. चांगल्या बीचा गर पांढरा, भरलेला असतो. प्यायलेल्या बीत तो आकसलेला, पिवळट, कवचापासून सुटलेला. अशी बी उगवत नाही किंवा उगवली तर रोप मरतुकडं निघतं. कपाशीत आणखी एक नुकसान होतं. बोंडाला टोचताना याच्या सोंडेबरोबर बुरशी आत जाते आणि कापसावर पिवळे-तपकिरी डाग पडतात. जुन्या शेतकऱ्यांना हे डाग लगेच ओळखू येतात, व्यापारी त्याचे पैसे कापतो.

मादी अंडी ओल्या मातीत, ढेकळाच्या फटीत किंवा पालापाचोळ्याखाली घालते. आठवड्याभरात पिल्लं निघतात, पंख नसलेली, लालभडक. ती पाच वेळा कात टाकतात आणि पाचव्या वेळी पंख घेऊन मोठी होतात. मध्ये कोष वगैरे काही नाही. एकाच शेंगेवर लहान-मोठी सगळी मापं एकत्र दिसतात त्याचं कारण हेच. शेपटीला शेपटी जोडून फिरणारी जोडपी तर सगळ्यांनीच पाहिली असतील, ती तशीच कित्येक दिवस राहतात. मोठा पुढे ओढतो, दुसरा मागे उलटा चालतो.

पुष्कळ जण विचारतात की बीटी कपाशीवर हे कसे? बीटीला आपल्या देशात 2002 साली परवानगी मिळाली ती बोंडअळीसाठी. ही कपाशी स्वतःच जे प्रथिन बनवते ते अळीच्या पोटात काम करतं. रस शोषणाऱ्यांना त्याचा काही फरक पडत नाही. आणि कपाशी उपटून झाली, पऱ्हाट्या बांधावर रचल्या, की शिवारातले सगळे ढेकूण हिरवळ शोधत गावात येतात. आपल्याकडे घरातल्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही, तरी ते तिच्यावर बसतात, कळ्यांचा रस पितात आणि वेळ काढतात. चैत्रात काटेसावरीची बोंडं फुटली की झाडाखाली लाल सडा पडावा इतके जमतात.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. या लाल गर्दीत कधी कधी एक थोडा दांडगा लाल ढेकूण दिसतो. रंग तोच, पंखांची टोकं काळीच, पण पंखावर तो काळा ठिपका नाही आणि पोटावर पांढरे पट्टे नाहीत. हा अँटिलोकस. लाल ढेकणाच्याच कुळातला, पण बियांच्या वाटेला जात नाही. तो भाऊबंदांनाच खातो. त्याची पिल्लंही लाल ढेकणाच्या पिल्लांच्या मागे असतात. सोंड खुपसून पिल्लू उचलायचं आणि पानामागे नेऊन पीत बसायचं. वरून बघणाऱ्याला वाटतं, चला, एकाच जातीचे दोन. फवारणीत दोन्ही मरतात, पण लाल ढेकूण आठ-पंधरा दिवसांत शेजारच्या शेतातून परत येतो, त्याला खाणारा तितक्या लवकर येत नाही. शेजारणीच्या शेंगेवर असाच एक होता. तिला मी तो दाखवला, ठिपका मोजायला लावला, आणि शेंग परत झाडापाशी ठेवायला सांगितली.

भेंडीच्याच वाळलेल्या शेंगा हलवल्या की राखाडी, मुंगीएवढे, चार-पाच मिलिमीटरचे किडे भुरुभुरु बाहेर पडतात, ते वेगळे. ऑक्सिकॅरेनस, आपल्या बोलीत करडा ढेकूण. डोकं काळपट, पंख मळकट काचेसारखे. हे फुटलेल्या बोंडातच शिरतात, बंद बोंड त्यांना उघडता येत नाही. बोटाने चिरडला तर असा उग्र वास येतो की हात दोनदा धुवावे लागतात. कापूस जिनिंगला गेला की हे सरकीबरोबर चिरडले जातात आणि कापसाच्या धाग्याला डाग पाडतात. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरात हंगामात संध्याकाळी दिव्यावर येतात तेही बहुधा हेच.

रुईच्या झाडावर, म्हणजे मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो त्या रुईवर, लाल-काळ्या नक्षीचा ढेकूण दिसला तर तो लाल ढेकूण नव्हे. तो स्पिलोस्टेथस. याच्या लालावर काळे पट्टे आणि डाग असतात, आणि काळ्या टोकावर बहुधा एक पांढरा ठिपका. शंका आली तर भिंगातून कपाळ बघा. इथे ते दोन साधे डोळे असतात. रुईच्या चिकाचं विष तो अंगात साठवतो, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. रुईची फळं फुटून म्हाताऱ्या उडायला लागतात तेव्हा त्या रेशमात शिरून हे बिया पीत असतात. मात्र हा रुईवरच थांबेल असं धरून चालू नका. सूर्यफूल आणि तिळावरही येतो. बांधावर रुई आणि आत तीळ असेल तर लक्ष ठेवावं.

बांधावरच्या कपाळफोडीची गंमत मला सगळ्यात जास्त आवडते. तिची फुग्यासारखी फळं मुलं कपाळावर फोडतात. त्या फुग्यात काळी बी असते, तिच्यावर पांढरा बदामी ठसा. फुगा मोठा, बी आत मधोमध, म्हणजे बाहेर बसून बी प्यायची तर सोंड लांब हवी. या वेलीच्या कुळावर जगणाऱ्या लाल ढेकणांची सोंड खरंच लांब असते. आपल्याकडे त्यांच्यातला लेप्टोकोरिस कुसुमाच्या झाडाखाली थव्याने सापडतो. अमेरिकेत फ्लोरिडाला यांचा एक भाऊबंद आहे, जडेरा. तो तिथल्या कपाळफोडीवर राहायचा. मग माणसांनी शोभेसाठी आशियातून त्याच कुळातलं एक झाड नेऊन लावलं. त्याची फळं चपटी, बी सालीच्या जवळ. जडेरा तिकडे गेला, आणि काही दशकांतच त्या झाडावरच्या ढेकणांची सोंड आखूड झाली. स्कॉट कॅरल आणि ख्रिस्टिन बॉइड यांनी संग्रहालयात टाचून ठेवलेल्या जुन्या ढेकणांच्या सोंडा मोजून 1992 साली हे मांडलं. नवी जात घडायला लाखो वर्षं लागत असतील, पण सोंडेचं माप आपल्या आजोबांच्या हयातीत बदलू शकतं. म्हणून मी झाड विचारते.

वाल, चवळी आणि तुरीकडे या. इथे लाल रंग विसरा. चवळीच्या शेंगेवर काळी मुंगी फिरताना दिसली आणि ती मुंगीपेक्षा जरा संथ वाटली, तर थांबून तोंड बघा. सोंड असेल तर ती मुंगी नाही, रिप्टॉर्टस नावाच्या ढेकणाचं पिल्लू आहे. चाल, कंबर, मिशा हलवणं, सगळं मुंगीचं. मोठा झाला की तो लांबोळका, तपकिरी, मागच्या मांड्या जाड आणि काटेरी, आणि उडाला की गांधीलमाशी उडाल्यासारखं वाटतं. तुरीवरचा क्लाव्हिग्राला आखूड, करडा, खांद्यांवर दोन काटे. त्याची अंडी शेंगेवरच पुंजक्याने सापडतात. या दोघांचं नुकसान लाल ढेकणाहून जास्त लागतं, कारण ते हिरव्या शेंगेच्या सालीतून आतला कोवळा दाणा पितात. शेंग बाहेरून धड असते. सोलल्यावर दाणा सुरकुतलेला, डागाळलेला, कधी नुसता पापुद्रा. लोक म्हणतात, पाणी कमी पडलं. दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळपट ठिपका आणि त्याभोवती खळगा दिसला तर पाण्याचा दोष नाही.

मोगली एरंडाच्या कुंपणावरचा चकचकीत हिरवा-निळा, काळ्या ठिपक्यांचा किडा बघून मुलं त्याला भुंगेराच म्हणतात, आणि त्यांची चूक नाही. मघाशी सांगितलेला तो मानेमागचा त्रिकोण याच्यात इतका वाढलेला असतो की सगळी पाठ झाकतो. पंख त्याच्याखाली. मधली सरळ रेष मात्र नसते, आणि उलटा केला की सोंड आहेच. हा स्क्युटेलेरा. मोगली एरंडाची फळं पितो. खाऊ द्या, कुंपणाला त्याने काही होत नाही.

भाजीसाठी भेंडी लावणाऱ्यांनाही मी हेच सांगते. तुम्ही शेंग कोवळी तोडता, त्यातलं बी पिकलेलंच नसतं. लाल ढेकूण तुमचं फारसं काही नेत नाही. औषध मारून तीच भेंडी दोन दिवसांनी पोरांच्या ताटात वाढायची, हे मला पटत नाही. बी राखायचं असेल तरच याच्याशी भांडण आहे.

आणि भांडायला साधने आहेत. सकाळच्या गारव्यात ढेकूण सुस्त असतात, तेव्हा साबणाचं पाणी घातलेलं पसरट भांडं शेंगेखाली धरून फांदी झटकायची. झाडाखालचा पाला काढून माती हलवायची, म्हणजे अंडी उघडी पडतात. मूठभर सरकी ओली करून कोपऱ्यात ठेवली की लाल ढेकूण तिच्यावर जमा होतात, मग तिथल्या तिथे गोळा करून त्याच साबणाच्या पाण्यात टाकायचे. बियाण्यासाठी ठेवलेल्या शेंगांना मी जुन्या मलमलच्या साडीच्या पिशव्या शिवून घालते. देठापाशी दोरा घट्ट बांधायचा, नाहीतर पिल्लं आत शिरतात.

पिल्लं फारच झाली तर पाच टक्के निंबोळी अर्क. घरच्यासाठी लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, गाळून. यानं मोठे ढेकूण पटापट मरत नाहीत म्हणून लोक नावं ठेवतात. पण निंबोळीचं काम पिल्लांवर आहे, त्यांचं कात टाकणं ती बिघडवते. कात टाकण्यात किती जीव अडकलेला असतो याची एक खरी हकीकत आहे. 1960 च्या दशकात कारेल स्लामा हे चेक शास्त्रज्ञ प्रागहून अमेरिकेला हार्वर्ड विद्यापीठात गेले. सोबत लाल ढेकणाचे युरोपातले चुलत भाऊ नेले. तिथे कॅरल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत पिल्लं मोठीच होईनात. पाचव्यांदा कात टाकून पंख यायच्या ऐवजी ती आणखी मोठी पिल्लं व्हायची आणि मरायची. खाणं तेच, पाणी तेच. शोधत शोधत गाडी येऊन थांबली ती डब्यात अंथरलेल्या कागदी रुमालावर. अमेरिकी कागद बाल्सम फर नावाच्या झाडाच्या लगद्याचा होता, आणि त्या झाडात पिल्लाला पिल्लूच ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं द्रव्य निघालं. युरोपातल्या कागदावर तीच पिल्लं सुरळीत मोठी होत होती. झाडांनी किड्यांशी लढायचे असे किती उपाय अंगात बाळगलेत! आपल्या दारातल्या निंबाकडे त्या नजरेनं बघावं असं मला मनापासून वाटतं.

भुईमुगाचंही सांगून ठेवते, कारण ते अंगणात नाही, घराच्या धाब्यावर, म्हणजे छपरावर घडतं. उपटलेल्या शेंगा वाळत घातल्या की तपकिरी-काळपट, चपळ ढेकूण त्यात शिरतात. एलास्मोलोमस. शेंगेच्या टरफलातून सोंड घालून दाणा पितात. असा दाणा आकसतो आणि त्यातलं तेल खवट होतं, त्यामुळे कूट कडवट लागतं. हे दिवसा ढिगाखाली, पोत्याखाली, फटीत लपतात. ढीग जाड न ठेवता शेंगा पातळ पसराव्यात, दुपारी वरखाली कराव्यात, आणि वाळल्या की लगेच बंद डब्यात किंवा घट्ट विणीच्या पोत्यात भराव्यात. तिळाच्या पेंढ्या उभ्या केल्या असतील तर त्यांच्या बुडाशीही हेच बघावं.

भेंडीचं बी राखणाऱ्यांसाठी माझी रीत अशी. बियाण्याची झाडं मी जूनमध्ये पहिल्या पावसावर वेगळी लावते आणि त्यांच्या पहिल्या बहरातल्या, खोडाच्या खालच्या निम्म्या भागातल्या शेंगा भाजीसाठी तोडतच नाही. त्या सप्टेंबरात वाळून तयार होतात. शिवारातली बोंडं तेव्हा फुटायला सुरुवात असते, ढेकणांची गर्दी व्हायची असते. शेंग देठाशी तपकिरी झाली आणि शिरेवर केसाएवढी फट दिसली की त्याच दिवशी काढते, झाडावर तडकू देत नाही. मग प्रत्येक शेंगेतली एक बी ब्लेडने कापून बघते. गर पांढरा असेल तर ती शेंग बियाण्याच्या बरणीत, पिवळा असेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात.